इमॅजिका, शिर्डी की रामोजी? पार्कच्या सहलीचं पॅकेज घेण्याआधी हा हिशोब मांडा

टेंभुर्णी : कारखान्याचं बिल खात्यावर पडलं, डाळिंबाची गाडी गेली किंवा द्राक्षाचा बाग मोकळा झाला, की घरात पोरांचा एकच धोशा सुरू होतो. "यंदा इमॅजिकाला जायचं." मोबाइलवर वर्गातल्या मित्राचा पाण्याच्या घसरगुंडीवरचा व्हिडिओ आलेला असतो. मग मोबाइलवरच जाहिरातही दिसायला लागते. 'एक रात्र दोन दिवस, चौघांसाठी फक्त इतके हजार, रिसॉर्टमध्ये मुक्काम, नाश्ता आणि पार्कचं तिकीट सगळं मिळून.'

पूर्वी सहल म्हणजे देवदर्शन. अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर, फार तर कोल्हापूर-पन्हाळा. आता जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवरूनही कुटुंबं थीम पार्कला जाऊ लागली आहेत. पण देवदर्शनाच्या सहलीचा अंदाज घरातल्या सगळ्यांना असतो, पार्कच्या सहलीचा नसतो. त्यामुळे सोळा हजारांचं पॅकेज म्हणून निघालेलं घर परत येईपर्यंत पस्तीस हजारांना पोचतं. पॅकेज कसं वाचायचं, रिसॉर्ट कधी घ्यायचं आणि कधी नाही, फसवणूक कुठे होते, याची ही माहिती.

आधी ठरवा, कोणतं पार्क कुणासाठी

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला तीन दिशांना तीन पर्याय आहेत.

पहिला इमॅजिका. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून खोपोलीजवळ उतरलं की खोपोली-पाली रस्त्यावर हे पार्क आहे. २०१३ मध्ये थीम पार्क सुरू झालं, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आलं. पार्कला लागूनच नोव्होटेल इमॅजिका हे २८७ खोल्यांचं हॉटेल आहे. २०२२ पासून हे पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाच्या ताब्यात आहे. इथे थीम पार्कचं आणि वॉटर पार्कचं तिकीट वेगवेगळं असतं, हे आधी लक्षात घ्यावं. 'इमॅजिकाचं तिकीट' एवढंच पॅकेजमध्ये लिहिलं असेल, तर दोन्हीपैकी कुठलं ते विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. पोरांनी व्हिडिओत पाण्याच्या घसरगुंड्या बघितलेल्या असतात आणि हातात तिकीट कोरड्या पार्कचं पडतं, असं व्हायला नको.

दुसरा शिर्डी. करमाळ्याहून अहिल्यानगरमार्गे जाता येतं. तिथे वेट एन जॉय हे वॉटर पार्क आणि साई तीर्थ हे भक्तीवर आधारलेलं थीम पार्क आहे. घरात आजी-आजोबा असतील तर हा पर्याय सोयीचा. म्हाताऱ्या माणसांचं दर्शन होतं, पोरांचं पाणी होतं. मुक्कामाला संस्थानची भक्तनिवासं आहेत, त्यामुळे रिसॉर्ट घेतलंच पाहिजे असं नाही. भक्तनिवासाची खोली मात्र संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी.

तिसरा हैदराबाद. आपल्या टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूरवरून जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नळदुर्ग, उमरगा करत हैदराबादला जातो आणि तोच पुढे विजयवाड्याकडे निघतो. त्याच रस्त्यावर हैदराबादच्या पलीकडे रामोजी फिल्म सिटी आहे. १९९६ साली सुरू झालेली ही जागा जगातला सर्वांत मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नोंदलेली आहे. पण हे मुळात चित्रपटांचं गाव आहे. सेट, बागा, खेळ, कार्यक्रम बघायचे आणि त्यांच्याच बसमधून फिरायचं. जोरात फिरणाऱ्या राइड हव्या असतील तर रामोजीपेक्षा हैदराबादचं वंडरला बरं. ते रिंग रोडजवळ रावीर्यालला आहे, २०१६ मध्ये सुरू झालं. रामोजीच्या आवारात सितारा, तारा अशी महागापासून मध्यम दरापर्यंतची हॉटेलं आहेत. वंडरलाचं स्वतःचं रिसॉर्ट बेंगळुरूच्या पार्कला आहे, हैदराबादला मुक्काम शहरात शोधावा लागतो.

माढा, करमाळा, माळशिरस या भागाला इमॅजिका आणि शिर्डी जवळ. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या माणसाला रामोजी आणि इमॅजिका जवळपास सारखंच अंतर पडतं. मग अंतरावर नाही, घरातल्या माणसांवर ठरवावं. दहा ते वीस वर्षांची पोरं जास्त असतील तर राइडचं पार्क. साठीच्या पुढची माणसं जास्त असतील तर रामोजी किंवा शिर्डी.

घरातली माणसं मोजा, पण राइडच्या हिशोबाने

पार्कच्या तिकिटात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तिकीट आत जाण्याचं असतं, राइडवर बसण्याची हमी त्यात नसते. बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. एका ठराविक उंचीच्या खाली फुकट, त्याच्या वर मुलांचं तिकीट, त्याच्याही वर मोठ्या माणसाचं. शिवाय प्रत्येक राइडला वेगळी उंचीची अट असते आणि तिथे उभ्या केलेल्या पट्टीला डोकं लागलं तरच पोराला बसू देतात. तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो, कारण ती अट पट्ट्याच्या मापासाठी असते. छोट्या अंगाचं पोर मोठ्या पट्ट्यातून निसटू शकतं.

म्हणून निघण्याआधी घरीच भिंतीला उभं करून टेपने पोरांची उंची मोजावी आणि पार्कच्या संकेतस्थळावरच्या उंचीच्या यादीशी ताडून पाहावी. सहा वर्षांच्या पोराचं तिकीट काढून त्याला निम्म्या राइड बंद असतील, तर मोठ्या राइडसाठी प्रसिद्ध असलेलं पार्क यंदा न घेता दोन-तीन वर्षांनी घेतलेलं परवडतं.

मोठ्या माणसांचंही तसंच. हृदयविकार, रक्तदाब, मणक्याचा किंवा मानेचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन आणि गरोदरपण असेल तर जोराच्या राइडवर बसू नये असं प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं असतं. आपल्याकडे चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या माणसांची कंबर धरलेली असते. त्यामुळे पाचजणांच्या तिकिटात खऱ्या राइड दोघंच खेळतात आणि बाकीचे तिघं बाकावर बसून पिशव्या सांभाळतात. ज्यांना खेळायचं नाही त्यांच्यासाठी कमी दराचं तिकीट आहे का, हे विचारून घ्यावं. काही पार्कांत ज्येष्ठ नागरिकांना सवलत असते, कॉलेजच्या पोरांना ओळखपत्रावर सवलत असते. ती पॅकेजमध्ये आपोआप धरली जात नाही.

वॉटर पार्कला साडी, सलवार, जीन, सुती कपडे घालून पाण्यात सोडत नाहीत. नायलॉनसारख्या कापडाचे पोहण्याचे कपडेच लागतात. नसतील तर तिथे भाड्याने घ्यावे लागतात. घरातल्या बायकांना हे आधी सांगितलेलं बरं. तिथे गेल्यावर कळलं तर त्या दिवसभर काठावर बसून राहतात आणि त्यांच्या तिकिटाचे पैसे पाण्यात जातात.

'एक रात्र दोन दिवस' म्हणजे नेमके किती तास?

पॅकेजच्या जाहिरातीत दोन दिवस लिहिलेलं असलं तरी पार्कचं तिकीट बहुधा एकाच दिवसाचं असतं. हॉटेलची खोली साधारण दुपारी दोन-तीनला ताब्यात मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सोडावी लागते. म्हणजे दोन दिवस म्हणून घेतलेली खोली प्रत्यक्षात वीस-एकवीस तास आपली असते.

आता टेंभुर्णीहून निघणाऱ्या घराचं वेळापत्रक बघू. पहाटे चारला निघाले, वाटेत चहा, पुण्यातली गर्दी, द्रुतगती मार्ग, असं करत दहाच्या सुमारास खोपोली. त्याच दिवशीचं पार्कचं तिकीट असेल तर रात्रभर नीट न झोपलेली पोरं थेट पार्कात. खोली मिळालेली नाही, सामान गाडीत. संध्याकाळी पार्क सुटल्यावर दमून खोलीत पडले, सकाळी नाश्ता केला आणि खोली सोडायची वेळ झाली. रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव, बाग, पोरांची खेळायची खोली, ज्यासाठी जास्तीचे पैसे दिले ते बघायलाही मिळालं नाही.

त्यापेक्षा उलटं करावं. पहिल्या दिवशी आरामात निघून दुपारी खोली घ्यावी. वाटेत किंवा संध्याकाळी जवळच्या महडच्या वरदविनायकाचं, पालीच्या बल्लाळेश्वराचं दर्शन होतं, अष्टविनायकातले दोन गणपती त्याच भागात आहेत. रात्री पोटभर झोप. दुसऱ्या दिवशी खोली सोडून सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवायचं आणि पार्क उघडताच आत जायचं. सामान ठेवून घेतात का, हे खोली घेतानाच विचारावं.

यात अडचण एकच. पार्क सुटल्यावर रात्रीचा परतीचा प्रवास. दिवसभर उन्हात फिरलेला माणूस रात्री अडीचशे-तीनशे किलोमीटर गाडी चालवणार असेल, तर ते धोक्याचं आहे. घरचाच माणूस गाडी चालवत असेल तर त्याने दुपारनंतर पार्कातून बाहेर पडून विश्रांती घ्यावी, नाहीतर पुण्याच्या अलीकडे-पलीकडे साध्या लॉजवर दुसरा मुक्काम करावा. हजार-दीड हजार वाचवायला रात्री स्टेअरिंगवर डुलकी घेण्यात शहाणपणा नाही. भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरच्या झोपायची सोय कुठे, हे पॅकेजमध्ये नसतं. ते आपणच बघायचं असतं.

आकड्यांचा हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, चालू दर नव्हेत. दर वारानुसार आणि हंगामानुसार बदलतात. पण हिशोबाची रीत हीच.

समजा घरात नवरा-बायको, आजी आणि दोन पोरं असे पाचजण. पॅकेज आहे 'दोन मोठे, दोन लहान, १६,००० रुपये, कर वेगळे'. त्यात खोली, सकाळचा नाश्ता आणि एक दिवसाचं तिकीट.

- पॅकेज १६,००० आणि त्यावर १८ टक्के कर धरला तर २,८८०. झाले १८,८८०.
- आजी पाचव्या. जादा गादीचे आणि तिकिटाचे ३,१००, करासह ३,६५८. झाले २२,५३८.
- दोन दुपारची आणि एक रात्रीचं जेवण, माणशी ३५० धरून ५,२५०.
- लॉकर, कपड्यांचं भाडं, पार्किंग मिळून १,०००.
- गाडी, डिझेल, टोल ७,५००.

एकूण ३६,२८८ रुपये. सोळा हजारांच्या दुपटीपेक्षा जास्त.

आता तीच सहल पॅकेज न घेता. पार्कची तिकिटं स्वतः काढली, करासह मोठ्यांचे १,५०० प्रमाणे तिघांचे ४,५०० आणि पोरांचे १,२०० प्रमाणे २,४००, मिळून ६,९००. गावातल्या लॉजवर दोन खोल्या ३,६००. एक जेवण पार्कात, दोन जेवणं बाहेर साध्या खानावळीत आणि नाश्ता मिळून ४,२५०. लॉकर वगैरे १,०००. जरा जास्त फिरावं लागतं म्हणून गाडीचे ८,०००. एकूण २३,७५०.

फरक १२,५३८ रुपयांचा. म्हणजे रिसॉर्टमध्ये झोपण्याची किंमत साडेबारा हजार. ती द्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पॅकेज वाईटच असतं असं नाही. घरात तान्हं मूल असेल, आजीला दुपारी आडवं व्हावं लागत असेल, तर पार्कला लागून असलेल्या हॉटेलचे पैसे वसूल होतात. दोन्ही दिवस पार्क करायचं असेल तरी होतात. शाळेची सुट्टी नसताना मधल्या वारी खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा हॉटेलं दर पाडतात आणि हा फरक चार-पाच हजारांवर येऊ शकतो. फरक काढल्यावरच निर्णय घ्यावा, जाहिरातीतला आकडा बघून नको.

कराचीही एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची खोली ८,९६८ ला. दोनशे रुपयांचा फरक बाराशेचा होतो. पार्कच्या तिकिटावर १८ टक्के आहे. म्हणून दर विचारताना "कर धरून हातात किती द्यायचे?" असाच प्रश्न विचारावा.

खोलीत किती माणसं?

आपल्याकडे पाहुणे आले की एका खोलीत सात-आठजण झोपतात. हॉटेलात ते चालत नाही. साधारण एका खोलीत दोन मोठी माणसं आणि फार तर एक जादा गादी. किती वर्षांपर्यंतचं मूल आई-बापाबरोबर फुकट, हे प्रत्येक हॉटेल वेगळं ठरवतं. एकत्र कुटुंबातले दोन भाऊ, दोन्ही जावा, चार पोरं आणि आई निघाले तर तीन खोल्या धराव्या लागतात. बुकिंग करताना पोरांची खरी वयं सांगावीत. वय लपवून दोन पैसे वाचवायला गेलं, की रात्री काउंटरवर आधार कार्ड मागतात आणि जास्तीचे पैसे त्या वेळच्या दराने घेतात. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं.

बचत गटाच्या किंवा भिशीच्या बायका, शाळेची सहल असे वीस-पंचवीसच्या वर लोक असतील तर तयार पॅकेज घेऊच नये. पार्कच्या कार्यालयाशी थेट बोलून गटाचा दर लेखी मागवावा. तो बहुधा कमी असतो आणि त्यात जेवणही धरता येतं. गाडीसाठी एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते. मोजकीच माणसं असतील आणि साध्या एसटीने गेलात, तर महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत, या सवलतींचा फायदा होतो. हैदराबादच्या गाडीला ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच धरतात.

शेतकऱ्याने आधी रद्दची अट वाचावी

नोकरदार माणसाची सुट्टी आधी मंजूर होते. शेतकऱ्याची होत नाही. ऊसतोडीची टोळी कधी फडात येईल सांगता येत नाही. द्राक्षाला छाटणी, डाळिंबाला औषध, अवकाळीचा इशारा, गाभण म्हैस, यातलं काहीही ऐन वेळी आडवं येतं. पुन्हा धारा काढायला घरात एक माणूस मागे लागतोच. पाचजणांचं बुकिंग असतं आणि निघताना चौघंच निघतात.

म्हणून पॅकेजचा दर बघण्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात. रद्द केलं तर किती दिवस आधी किती पैसे परत मिळतात. तारीख पुढे ढकलता येते का, किती वेळा आणि दर वाढला तर फरक कुणी द्यायचा. आणि एक माणूस कमी झालं तर त्याचे पैसे मिळतात का. 'नॉन रिफंडेबल' लिहिलेला सगळ्यात स्वस्त दर नोकरदाराला परवडतो. टोळीची वाट बघणाऱ्याने पाचशे-हजार जास्त देऊन रद्द करता येणारं बुकिंग घ्यावं.

पावसाळ्याचं वेगळं. घाटाच्या पायथ्याला जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आपल्याकडच्यासारखा नसतो, दिवसदिवस धार तुटत नाही. जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड सुरक्षेसाठी थांबवतात आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत, असं बहुतेक अटींमध्ये लिहिलेलं असतं. त्या काळात दर कमी असतात ते यामुळेही. मे महिना आणि दिवाळीच्या सुट्टीत दर चढे आणि प्रत्येक राइडला लांब रांग. जमत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतला मधला वार सगळ्यात चांगला. पोरांची एक-दोन दिवस शाळा बुडते, पण रांगेत कमी उभं राहावं लागतं. रांग टाळायला जादा पैशाचं वेगळं तिकीट मिळतं, मधल्या वारी ते घ्यायची गरज सहसा पडत नाही.

'तुम्हाला फुकट सहल लागली आहे'

पेट्रोल पंपावर, प्रदर्शनात, मॉलमध्ये कुणी तरी कूपन भरून घेतं. आठवड्याने फोन येतो. "सर, तुमचा नंबर लकी ड्रॉमध्ये लागलाय. तीन दिवस दोन रात्री रिसॉर्टमध्ये मोफत. फक्त मिसेसना घेऊन शहरातल्या हॉटेलात या, एक तासाचा कार्यक्रम आहे."

नवरा-बायको दोघांना बोलावण्याचं कारण सरळ आहे. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून सुटतो. दोघं समोर असले की ती वाट बंद होते. तासाचा कार्यक्रम दोन-तीन तास चालतो. चहा-नाश्ता, पडद्यावर समुद्र आणि डोंगर, शेजारच्या टेबलावर टाळ्या. मग सहलींच्या क्लबचं सभासदत्व पुढे येतं. इतक्या वर्षांसाठी, दरवर्षी इतक्या रात्री, किंमत लाखाच्या घरात. "ही सवलत फक्त आत्ता, बाहेर पडलात की संपली." पैसे नाहीत म्हटलं की क्रेडिट कार्डवर हप्ते पाडून देतात.

अशा सभासदत्वात तीन गोष्टी बारीक अक्षरात असतात. दरवर्षी भरायचा देखभाल खर्च, जो आपण गेलो नाही तरी लागतो. सुट्टीच्या हंगामात खोली शिल्लक असेल तरच मिळणं. आणि जेवण, प्रवास, पार्कचं तिकीट यातलं काहीच त्यात नसणं. फुकटच्या कूपनमध्येही मिळते ती नुसती खोली आणि तिथे जेवणाचे पैसे सक्तीने घेतले जाऊ शकतात. सगळ्याच कंपन्या फसव्या असतात असं नाही. दरवर्षी ठराविक वेळी फिरायला जाणाऱ्याला असं सभासदत्व उपयोगी पडू शकतं. पण ज्याची सुट्टी टोळीवर आणि पावसावर अवलंबून आहे, त्याने बांधून घेऊ नये. तिथे सही करायचीच झाली तर करारनामा घरी आणून, शिकलेल्या माणसाकडून वाचून मगच करावी. घरी नेऊ देत नसतील तर तिथूनच उठावं.

दुसरी फसवणूक ऑनलाइन. रिसॉर्टचं नाव शोधलं की त्याच नावाची, तेच फोटो लावलेली खोटी पानं समोर येतात. त्यावरचा मोबाइल नंबर लावला की "आजच्या आज निम्मे पैसे पाठवा, नाहीतर खोली जाईल." पैसे जातात कुणा व्यक्तीच्या नावाच्या खात्यावर. म्हणून हॉटेलच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नंबरवर स्वतः फोन करून बुकिंगचा क्रमांक पडताळून घ्यावा. पैसे भरताना पडद्यावर व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबावं. 'पैसे परत करतो, पिन टाका' असं कुणी म्हटलं तर फोन ठेवावा, पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.

फसलं तर काय करायचं?

ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊ म्हणून थांबू नये.

हॉटेल खरं आहे पण सांगितलेली सेवा दिली नाही, पैसे अडवून ठेवले, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यावर न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे रायगड किंवा हैदराबादला जावं लागत नाही. सोलापूरच्या आयोगात ती दाखल होते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइनही करता येते.

तक्रार टिकते ती कागदावर. म्हणून जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, पैसे भरल्याची पावती आणि हॉटेलचं अंतिम बिल जपून ठेवावं. बिलात न विचारता 'सर्व्हिस चार्ज' लावला असेल तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसे निर्देश दिले आहेत. तो ऐच्छिक आहे, कराशी त्याचा संबंध नाही.

पैसे भरण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न

१. कर धरून एकूण किती आणि त्यात किती माणसं?

२. तिकीट थीम पार्कचं की वॉटर पार्कचं? एका दिवसाचं की दोन्ही दिवसांचं?

३. जेवणं कोणती धरली आहेत आणि पाचव्या-सहाव्या माणसाचे किती?

४. खोली किती वाजता मिळणार, किती वाजता सोडायची, सामान ठेवून घेणार का?

५. हॉटेल ते पार्क अंतर किती, गाडी तुमची की आमची?

६. आमच्या तारखेला कुठली मोठी राइड दुरुस्तीसाठी बंद आहे का?

७. रद्द केलं, तारीख बदलली किंवा माणूस कमी झालं तर पैशाचं काय?

ही उत्तरं व्हॉट्सअॅपवर किंवा ई-मेलवर लेखी मागावीत. जो लेखी द्यायला तयार नाही, त्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.